जागा मालकीची, ठिकाण वहिवाटीचं

पुण्याच्या पेठांमध्ये पत्ता सांगताना रस्त्याचं पाटीवरचं नाव फारसं कुणी घेत नाही. 'नागनाथ पाराशी ये', 'पत्र्या मारुतीवरून आत वळ', 'पासोड्या विठोबासमोर' असंच सांगतात. देऊळ केवढंसं. पण दर्शनाला थांबणारे, शेजारी फुलांची टोपली घेऊन बसणारी बाई, शनिवारची रुईच्या माळांची गडबड, जवळच्या मंडळाचा वार्ताफलक आणि तो वाचायला एक पाय टेकवून थांबलेले दुचाकीवाले, एवढ्या सगळ्यांनी मिळून त्या कोपऱ्याचा पत्ता करून ठेवलाय. शहराच्या नव्या भागात रस्ता ऐंशी फुटी असतो, दुभाजकावर बोगनवेल असते, दिवे झकपक असतात. आणि पाहुणा यायचा झाला की आपण म्हणतो, "थांब, लोकेशन पाठवतो."

हा फरक कशानं पडतो आणि ठरवून पाडता येतो का, हा शहररचनेतला एक अख्खा विषय आहे. त्याला प्लेसमेकिंग म्हणतात. स्मार्ट सिटीच्या काळात हा शब्द आपल्याकडच्या निविदांमध्येही शिरला आणि त्याचा अर्थ पुष्कळदा 'सुशोभीकरण' एवढाच उरला: कारंजं, ग्रॅनाइट, 'आय लव्ह अमुकनगर' अशी लाल अक्षरं, आणि हे कुणाच्या निधीतून झालं ते सांगणारी त्याहून मोठी पाटी. मूळ कल्पना जवळपास उलटी आहे. मराठीत ती सांगायला दोन साधे शब्द पुरतात. जागा असते, ठिकाण होतं. जागा चौरस मीटरमध्ये मोजतात, तिला मालक असतो, सिटी सर्व्हे नंबर असतो. ठिकाण वहिवाटीनं होतं. रोज कुणीतरी तिथे येतं, थांबतं, काहीतरी करतं, परत येतं. एखाद्या भागाला पुन्हा जीव आणायचा तर बांधकामापासून नव्हे, या वहिवाटीपासून सुरुवात करा, एवढंच हे शास्त्र सांगतं. ते करायला मात्र भलतंच अवघड आहे.

वहिवाट नेमकी कशी पडते हे पाहायला एक माणूस न्यूयॉर्कमध्ये खरोखरच गच्च्यांवर कॅमेरे लावून बसला होता. त्याचं नाव विल्यम व्हाइट. 1961 साली त्या शहरानं एक नियम केला होता: इमारतीपुढे लोकांसाठी मोकळं प्रांगण सोडा, बदल्यात जास्त मजले चढवा. आपल्या भाषेत, मोकळ्या जागेच्या बदल्यात वाढीव एफएसआय. बिल्डरांनी प्रांगणं सोडली. पण बरीचशी दिवसभर ओस आणि काही थोडी माणसांनी गजबजलेली. असं का, हे शोधायला 1970 च्या दशकात व्हाइट आणि त्याचे तरुण सहकारी थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र टिपणारे कॅमेरे लावून, वह्या घेऊन, माणसं मोजत बसले.

त्यांचा पहिला निष्कर्ष वाचून हसू येतं. लोक तिथेच बसतात, जिथे बसायला जागा असते. पण बहुतेक प्रांगणांमध्ये नेमकी तीच नव्हती. कठडे होते, त्यांवर कुणी टेकू नये म्हणून टोकदार खिळे होते. दुसरी गोष्ट जास्त मजेदार. विचारलं तर माणूस सांगतो, मला शांत कोपरा आवडतो. प्रत्यक्षात तो वर्दळीच्या मध्यावर उभा राहून गप्पा मारतो. 'बरंय, निघतो' म्हणून दारातच अर्धा तास उभे राहणारे आपले नातेवाईक आठवले तर यात आश्चर्य वाटायला नको. माणसं माणसांकडे ओढली जातात. व्हाइटनं आणखी एक टिपलं होतं: सुटी खुर्ची दिली की माणूस बसण्याआधी ती दोन-चार इंच सरकवतो. ऊन, सावली, शेजार काहीही बदलत नाही, तरी सरकवतो. त्या दोन इंचांत ती जागा क्षणभर त्याची होते. या निरीक्षणांमुळे 1975 साली न्यूयॉर्कनं नियमच बदलला आणि प्रांगणात बसायची सोय किती हवी हे लिहून टाकलं.

त्याच शहरात ब्रायंट पार्क आहे, मॅनहॅटनमध्ये, सार्वजनिक ग्रंथालयाच्या पाठीमागे. 1970 च्या दशकात ते अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा होतं. पोलीस वाढवा, कुंपण उंच करा, हा नेहमीचा सल्ला होताच. व्हाइटचं निदान वेगळं होतं. बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती झुडपांची भिंत, आत-बाहेर करायच्या वाटा थोड्या. म्हणजे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, आणि सकाळच्या साध्या माणसाला आत शिरायचा धीर होत नाही. बागेत वाईट माणसं होती म्हणून चांगली येत नव्हती, हे अर्धंच खरं. चांगली येत नव्हती म्हणून वाईटांचं फावलं होतं. 1980 साली बागेसाठी एक स्वतंत्र संस्था निघाली, 1988 मध्ये बाग बंद केली आणि 1992 मध्ये पुन्हा उघडली. झुडपं काढली, वाटा वाढवल्या, खाण्याच्या टपऱ्या आणल्या, स्वच्छतागृह इतकं नीट ठेवलं की तिथे ताजी फुलं असतात. आणि शेकडो सुट्या, हलक्या, घडीच्या खुर्च्या मांडल्या. साखळी न लावता. चोरीला जातील असं सगळ्यांनाच वाटलं होतं. बाग त्या खुर्च्यांवरच चालली.

हे जसंच्या तसं उचलून आणलं तर आपल्याकडे फसेल, कारण न्यूयॉर्कचा माणूस ऊन शोधत फिरतो. आपण सावली शोधतो. एप्रिलच्या दुपारी स्टीलच्या बाकड्यावर बसून पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. आपल्या जुन्या माणसांनी यावर काढलेलं उत्तर पेठेपेठेत अजून उभं आहे: पार. वड किंवा पिंपळ, त्याला बांधलेला गुडघाभर उंचीचा गोल चौथरा. सावली, बैठक आणि समोरासमोर तोंडं. सरळ रेषेतल्या बाकड्यावर दोन अनोळखी माणसं शेजारी बसून समोर बघत राहतात. पारावर मान थोडी वळली तरी बोलणं सुरू होतं. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा सरळ असूनही जमतो, कारण त्याला समोर बघायला खेळ आहे, मागून जाणारी माणसं आहेत, आणि मैदानाला वळसा घालणारी ती लांबच लांब भिंत कुणा एकाची नाही. 1925 साली खुल्या झालेल्या त्या मैदानात काय काय घडलं याची पुस्तकं होतील. पण शहराचा अभ्यास करणाऱ्यानं तो कट्टाच मोजावा. बसायच्या उंचीची भिंत. त्याहून स्वस्त सार्वजनिक बांधकाम मला तरी ठाऊक नाही.

बसायला मिळालं, सावली मिळाली, तरी एक प्रश्न उरतो: किती वेळ? इथे बायकांचा हिशेब पुरुषांपेक्षा वेगळा असतो. व्हाइटनंही एखादं ठिकाण बरं की वाईट हे ओळखायची खूण म्हणून तिथल्या बायकांचं प्रमाण पाहिलं होतं. ते नेहमीपेक्षा कमी दिसलं की काहीतरी बिनसलंय असं धरावं. आपल्याकडे बिनसण्याची कारणं दोन शब्दांत मावतात, अंधार आणि स्वच्छतागृह. मुंबईत 2011 साली 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली ती याच साध्या गोष्टीसाठी, की घराबाहेर पडलेल्या बाईला विनाशुल्क, स्वच्छ आणि सुरक्षित मुतारी हवी. चौक सुंदर करायच्या बैठकीत हा विषय काढला की लोक चुळबुळतात. पण जिथे ही सोय नाही तिथे बाई वीस मिनिटांच्या वर थांबत नाही, आणि ती नसली की म्हातारी माणसं आणि मुलंही हळूहळू येईनाशी होतात. मग उरतात दुचाकीवर बसलेली पोरं. पोरांचा त्यात दोष नाही.

तिसरी गोष्ट, टपरी. जेन जेकब्स या न्यूयॉर्कच्याच लेखिकेनं 1961 मध्ये 'रस्त्यावरचे डोळे' ही कल्पना मांडली. रस्ता सुरक्षित राहतो तो तिथल्या दुकानदारांच्या, खिडकीतल्या म्हाताऱ्यांच्या, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेमुळे. पोलिसांचा नंबर नंतर. आपल्याकडचे हे डोळे म्हणजे इस्त्रीवाला, चहाची टपरी, गजरेवाली, वडापावची गाडी. कोणाचं पोर शाळेतून अजून आलं नाही हे इस्त्रीवाल्याला आईच्या आधी कळतं. आणि सुशोभीकरणात पहिल्यांदा उठवले जातात तेही हेच. 2014 च्या फेरीवाला कायद्यानं त्यांना हक्क दिले, शहराशहरात विक्रेता समित्या करायला सांगितलं, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं धोरण ठरवलं. कागदावरचं गल्लीपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे आलंच. पण आपला चौक जिवंत करायला निघालेल्या सोसायटीनं फेरीवाला हटवायची सही आधी गोळा केली, तर ती आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेय.

आता सगळ्यात उपयोगाची युक्ती. करून बघा, आधी बांधू नका. न्यूयॉर्कनं 2009 मध्ये टाइम्स स्क्वेअरपाशी ब्रॉडवेचा एक तुकडा वाहनांना बंद केला, तेव्हा कायमचं बांधकाम तयार नव्हतं. त्यांनी बाजारातल्या स्वस्त घडीच्या खुर्च्या रस्त्यावर मांडल्या. लोक बसले. मग बाकीचं झालं. पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन करते, लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद असतो. एका दिवसानं काय होणार, असं म्हणणारे असतातच. पण ज्या रस्त्यावर आपण आयुष्यभर हॉर्न ऐकत चाललो त्याच्या मधोमध उभं राहून वरच्या वाड्यांच्या गॅलऱ्या पाहिल्या की डोक्यात काहीतरी हलतं, आणि ते नकाशे दाखवून हलत नाही. खरं तर तात्पुरतं ठिकाण करण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही. मांडव म्हणजे दुसरं काय? दहा दिवस रस्ता खोली होतो. बांबू, ताडपत्री, सतरंजी, आणि संध्याकाळी मुलांच्या स्पर्धा. फक्त अकराव्या दिवशी आपण हे सगळं विसरतो आणि खड्डे मात्र ठेवून देतो.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातली गोष्ट मला या संदर्भात फार आवडते. तिथल्या सेलवुड भागात 1996 च्या सुमारास एका साध्या चौकातल्या शेजाऱ्यांनी ठरवलं, गाड्या हळू जाव्यात आणि आपण एकमेकांना ओळखावं यासाठी चौकाच्या डांबरावरच मोठं चित्र काढायचं. पालिकेनं परवानगी नाकारली. ही सार्वजनिक जागा आहे, म्हणून ती कुणालाच वापरता येणार नाही, असं उत्तर मिळाल्याचं तिथले लोक सांगतात. (आपल्या कुठल्याही कार्यालयात शोभून दिसेल असं वाक्य.) शेजाऱ्यांनी तरीही रंग लावला. कोपऱ्यांवर पुस्तकांची पेटी, मुलांसाठी छोटंसं घर, आल्यागेल्याला चहाचा थर्मास ठेवला. थोड्याच काळात पालिकेनं धोरण बदललं आणि शेजाऱ्यांची संमती असेल तर असे चौक रंगवायला परवानगी दिली. पण खरी मेख पुढे आहे. डांबरावरचा रंग टिकत नाही. तो झिजतो, म्हणून लोक पुन्हा जमतात आणि पुन्हा रंगवतात. एखाद्या हुशार अभियंत्यानं पंधरा वर्षं टिकणारा रंग दिला असता तर चित्र राहिलं असतं, जमणं संपलं असतं.

अंदाजपत्रकात देखभाल हा खर्च असतो. ठिकाणाच्या हिशेबात देखभाल हीच वहिवाट असते. हे कळायला परदेशात जायची गरज नाही, मुंबईत माटुंग्याला जावं. किंग्ज सर्कलजवळ, डॉ. आंबेडकर मार्गावरच्या उड्डाणपुलाखाली एक बाग आहे. नानालाल डी. मेहता उद्यान तिचं नाव, 2016 साली ती खुली झाली. पुलाखालची जागा म्हणजे शहराचं अडगळीचं कपाट: भंगार गाड्या, जुगार, नशा, कचरा. पार्किंग बंद झाल्यावर ती पुन्हा तशीच होऊ नये म्हणून तिथल्या रहिवाशांनी आधी स्वतः राखणदार नेमले आणि महापालिकेकडे बागेचा पाठपुरावा सुरू ठेवला. बागेच्या उद्घाटनाआधीची ही काही वर्षं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण बाग नसतानाच तिला माणसं मिळाली होती. आज तिथे खांबांच्या दोन रांगांमधून जाणारी, नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणं घेणारी सुमारे 600 मीटरची पायवाट आहे. दोन्ही बाजूंना वाहतूक, डोक्यावर वाहतूक, मध्ये स्पोर्ट्स शूज घातलेल्या आज्या. आणि पूल असल्यामुळे वर आयतं छप्पर, जुलैतही चालता येतं. मुंबईत पावसाळ्यात कोरडी मिळणारी सार्वजनिक पायवाट ही चैनीची वस्तू आहे.

इथवर सगळं गोड गोड झालं. वहिवाट या शब्दाला दुसरी बाजूही आहे, आणि ती गावाकडच्या बांधावरून कोर्टात गेलेल्या प्रत्येक घराला माहीत असते. जो रोज येतो तो हक्क सांगतो. पदपथावर आधी फोटो, मग चौथरा, मग ग्रिल, मग वर्गणी. किंवा चौकातला पत्र्याचा फलक आणि त्याखाली फक्त 'आपल्या' माणसांची बैठक. मुंबईत मोकळी मैदानं देखभालीसाठी संस्थांना द्यायच्या धोरणातून काही ठिकाणी सभासदांपुरते क्लब उभे राहिले, म्हणूनच 2016 मध्ये असं नवं धोरण आलं तेव्हा एवढी ओरड झाली की त्याला स्थगिती द्यावी लागली. बागेच्या वेळा हेही असंच शांतपणे केलेलं कुलूप आहे. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ उघडणारी बाग घरी बसलेल्यांना सोयीची. भर दुपारी दोन घरांच्या कामांमध्ये तासभर टेकायला जागा शोधणाऱ्या मोलकरणीला ती बंदच असते.

आणि रंग. मुंबईतली असल्फाची टेकडी आठवत असेल. 2017 संपता संपता स्वयंसेवकांनी तिथल्या वस्तीच्या भिंती रंगवल्या आणि मेट्रोतून दिसणारे ते रंगीत चौकोन सगळ्यांच्या फोनवर आले. भिंती उजळल्या, रहिवाशांना बरंही वाटलं. पण फोटो मेट्रोतून काढला जातो आणि राहायचं गल्लीत असतं. गळकं छप्पर, पाण्याची वेळ आणि निसरडी पायरी यांना रंगाचा काही उपाय नसतो. मी रंगाच्या विरोधात नाही. फक्त पहिला प्रश्न 'कुठला रंग' हा असेल तर विचारणारा बहुधा तिथे राहत नाही, असं मी खुशाल समजतो. उलटं टोकही असतं. ठिकाण इतकं छान होतं की भाडी चढतात आणि ज्यांनी ते केलं त्यांनाच परवडेनासं होतं. न्यूयॉर्कच्या हाय लाइन या जुन्या रेल्वेमार्गावरच्या बागेनंतर आजूबाजूच्या घरांचं हेच झालं. यावर सोपा उपाय कुणाकडे नाही. भाडेकरू आणि टपरीवाले पहिल्या बैठकीपासून खोलीत असतील तर निदान ते कधी जायला लागले हे वेळेवर कळतं.

मग आपल्या गल्लीत काय करता येईल? मला विचाराल तर सोसायटीच्या ग्रुपवर मतदान घेऊ नका. तिथे सगळ्यांनाच शांत कोपरा हवा असतो. त्यापेक्षा घरची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन संध्याकाळी साडेपाच ते साडेसात त्या कोपऱ्यावर बसा. तीन दिवस, त्यातला एक रविवार. कोण येतं, कोण थांबतं, कुठे टेकतं ते वहीत लिहा. बंद दुकानाच्या पायरीवर कुणी बसत असेल तर बाकडं तिथेच हवं आहे, आर्किटेक्टच्या चित्रातल्या जागी नाही. कचरा नेमका कुठे पडतो तेही लिहा. महापालिकेच्या भाषेतला 'क्रॉनिक स्पॉट' बहुतेक वेळा असा कोपरा असतो जिथे एकाही खिडकीची नजर पोचत नाही. तिथे देवाच्या टाइल्स लावून पाहिलेल्या असतातच. रांगोळी काढून, कुंड्या ठेवून चार दिवस फरक पडतो. एखादी फुलवाली किंवा चांभार तिथे बसायला लागला तर तो फरक टिकतो.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या खेपेला फारसे लागत नाहीत, आणि नंतरच्यासाठी दारं आहेत. मुंबईत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करण्यापासून सुरुवात केली आणि त्यातून एएलएम, म्हणजे गल्लीनं वॉर्ड ऑफिसशी थेट बोलायची पद्धत, शहरभर पसरली. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवता येतात. बाकडी, दिवे, पदपथाची दुरुस्ती, बसथांबा, असली. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. त्यात 'परिसराचे सुशोभीकरण करावे' असं लिहिलंत तर काय मिळेल ते तुम्हाला माहीत आहे. वहीतलं लिहा: अमुक दुकानाच्या उजवीकडे, कडुनिंबाखाली, दोन बाकडी समोरासमोर, मध्ये दिव्याचा खांब. आणि खाली, ती बाकडी कोण पुसणार आहे, त्या दोघा-तिघांची नावं.